ऐक्य झालं

भीमाशंकरअप्पांनी पिशवीतून नारळ बाहेर काढला, एकदा दाराकडे पाहिलं, एकदा आत पाहिलं, आणि तो फोडायचा कुठं हे काही त्यांना कळेना. देवाच्या दारी रिकाम्या हातानं जाऊ नये एवढं त्यांना ठाऊक होतं. देव कोणाचा का असेना. म्हणून सेलूहून निघताना नारळ, उदबत्तीचा पुडा आणि खडीसाखर असा रीतसर ऐवज त्यांनी बरोबर घेतला होता. पण इथं ना पायरी होती ना घंटा. देवगाव फाट्याच्या अलीकडे, रस्त्याला लागून पत्र्याची एक लांबट खोली, दारावर निळ्या रंगानं काढलेला क्रूस, बाहेर चपलांचा ढीग. आत सतरंज्यांवर माणसं बसली होती, एका बाजूला बाया आणि एका बाजूला पुरुष.

पासष्टीचा माणूस, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात लिंगाची चांदीची डबी आणि हातात नारळ, असा दारात उभा राहिला म्हटल्यावर आतल्या बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. पुढं बसलेला एक सावळा, चष्मेवाला माणूस लगबगीनं उठून आला. हे या मंडळीचे पाळक, सिद्धोधन. आठवडाभर ते फाट्यावर सायकली आणि मोटरसायकली दुरुस्त करत आणि रविवारी पांढरा सदरा घालून उपासना घेत.

"सलाम," पाळक म्हणाले.

"शरणार्थ," अप्पा म्हणाले.

एकाच्या नमस्काराला दुसऱ्यानं काय उत्तर द्यायचं असतं हे दोघांनाही माहीत नव्हतं. दोघंही "बरं" म्हणाले.

"कोणाकडं आलात?"

"तानुबाई इथंच येतात का?"

"इथंच येतात. गुरांचं उरकून येतात, म्हणून जरा उशीर होतो त्यांना. बसा ना आत."

"आन् हे?" अप्पांनी नारळ पुढं केला.

पाळकांनी तो दोन्ही हातांनी घेतला. "आमच्यात फोडायची रीत न्हाई, अप्पा. पर वाया जाऊ देणार न्हाई आमी. उपासना झाली की वाटून खाऊ."

अप्पांना हायसं वाटलं. उदबत्तीचं मात्र त्यांनी विचारलं नाही. पुडा पिशवीतच राहू दिला. पाळकांनी खुर्ची आणायला सांगितली, तिला नको म्हणून अप्पा दाराजवळच भिंतीला टेकून सतरंजीवर बसले. त्यांना जास्त वेळ बसायचंच नव्हतं. एक वाक्य सांगायचं आणि आल्या पावली परत फिरायचं, एवढंच काम होतं. काळीपिवळी जीपमधे बसल्यापासून ते वाक्य त्यांनी मनातल्या मनात इतक्या वेळा घोळवलं होतं की शेजारच्या माणसानं दोनदा विचारलं, काही म्हणालात का.

काम असं होतं. त्यांची बायको चन्नबसम्मा वर्षभर मूत्रपिंडाच्या दुखण्यानं आजारी होती, आणि मधे तिला परभणीच्या दवाखान्यात बरेच दिवस ठेवावं लागलं होतं. शेजारच्या खाटेवर या तानुबाईची जाऊ होती. तिच्याजवळ राहणाऱ्या तानुबाईची आणि चन्नबसम्माची गट्टी जमली. दवाखान्यात माणसं सोयरिकी होण्याइतकी जवळ येतात आणि घरी गेली की विसरून जातात, पण तानुबाई विसरली नाही. आमच्या मंडळीत दर रविवारी तुमचं नाव घेईन असा तिनं शब्द दिला होता, आणि तो पाळल्याची खबरही ती दर रविवारी दुपारी चन्नबसम्माच्या फोनवर द्यायची. "अक्का, आज बी नाव घेतलं बरं का." एवढंच बोलायचं आणि समोरचं ऐकायच्या आत फोन ठेवून द्यायचा, ही तिची पद्धत. तो फोन आला की चन्नबसम्मा त्या दिवशी अर्धी भाकरी जास्त खायची. अप्पा तिला चिडवायचे, "आपल्या मठात बी इतक्या येळा तुझं नाव कोणी घेतलं न्हाई गं." ती नुसती हसायची. त्या हसण्यात काही होतं, असं अप्पांना तेव्हा वाटलं नाही.

चन्नबसम्मा गेली त्याला आता दीड महिना होऊन गेला होता. सगळ्या पाहुण्यारावळ्यांना कळवलं, पण तानुबाई काही पाहुण्यात बसत नव्हती. चन्नबसम्मा गेल्यावरच्या पहिल्याच रविवारी तिचा फोन कपाटात वाजला. अप्पांनी उचलला आणि कानाला लावला. "अक्का, आज बी नाव घेतलं बरं का," तानुबाई म्हणाली आणि तिनं फोन ठेवला. अप्पा तो फोन हातात धरून किती तरी वेळ पलंगावर बसून राहिले. त्यानंतरच्या रविवारी त्यांच्यानं तो उचलवला नाही. फोन कपाटात वाजायचा आणि थांबायचा.

पण तेव्हापासून त्यांच्या जिवाला घोर लागला. कुठं तरी एक खोलीभर माणसं, ज्या बाईला आपण समाधी दिली, तिला बरं कर म्हणून देवाला विनवताहेत. माल संपलाय हे माहीत असताना गिऱ्हाइकाला दुकानाचे खेटे घालायला लावावेत, तसं ते अप्पांना वाटायला लागलं. हे बरं नव्हे. जाऊन सांगून यावं की बाबांनो, तुमचे लय उपकार झाले, आता तिचं नाव घेणं थांबवा.

खरं तर असल्या कामाला मुलाला पाठवायचं. पण मुलाचं नाव अप्पांच्या घरात निघत नव्हतं.

राजशेखर त्यांचा एकुलता एक. सेलूच्या बाजारात अप्पांचं गुरांच्या खुराकाचं, सरकी-ढेपेचं दुकान, तो त्यांच्याबरोबर गल्ल्यावर बसायचा. चार वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात त्यानं एका गिऱ्हाइकाकडून बुरशी आलेली ढेप न विचारता परत घेतली. अप्पांनी भर दुकानात, गिऱ्हाइकांच्या देखत त्याला विचारलं, "दुकान कोणाचं हाय?" "तुमचं," असं म्हणून तो गल्ल्यावरून उठला, तो उठलाच. बायको घेऊन परभणीला गेला आणि एका शाळेत कारकून म्हणून लागला. घर एकाच्या शब्दानं मोडत नाही म्हणतात, पण इथं दोघांनी मिळून चारच शब्द वापरले होते. आईच्या मातीला तो आला होता. समाधीच्या एका अंगाला बाप आणि दुसऱ्या अंगाला लेक उभा राहिला, दोघांनी बेल वाहिला, आणि तिसऱ्या दिवशी तो निघून गेला.

या सगळ्यात चन्नबसम्मानं कधी मधे तोंड घातलं नाही. अप्पांना त्याचा मोठा आधार वाटायचा. बायको आपल्या बाजूची आहे अशी त्यांची पक्की समजूत होती.

दारात सावली पडली. तानुबाई आली होती. डोक्याचे सगळे केस पांढरे, अंगावर विटकं पण धुतलेलं लुगडं, आणि ओले हात पदराला पुसत पुसत ती आत येत होती. अप्पांना पाहून ती उंबऱ्यातच थबकली.

"अप्पा? सेलूचे अप्पा न्हवं का तुमी?"

अप्पा उठले. आत कोणीतरी ढोलकीवर थाप मारून पाहत होतं.

"अक्का न्हाई आल्या? फोन लावते तर उचलतच न्हाईत. म्हनलं रिचार्ज सरला आसंल. कशा हायत अक्का?"

आता ते वाक्य बोलायचं होतं. अप्पांच्या समाजात माणूस मेला असं म्हणत नाहीत. माणूस मरत नाही, लिंगाशी एक होतो. म्हणून म्हणायचं, लिंगैक्य झालं. अप्पांनी आजवर शेकडो माणसांच्या बाबतीत हा शब्द वापरला होता, पाट्यांवर वाचला होता, पत्रिकांत छापून घेतला होता. पण स्वतःच्या बायकोसाठी तो उच्चारताना शब्दाचा पहिला भाग घशातच राहिला आणि शेवटचा तेवढा बाहेर पडला.

"ऐक्य झालं," ते म्हणाले.

तानुबाई त्यांच्याकडे पाहतच राहिली. मग तिचे डोळे भरून आले आणि भरल्या डोळ्यांनीच ती हसली. तोंडभर हसली.

"झालं? खरंच झालं?"

"झालं."

"कवा?"

"दीड महिना झाला."

"आन् मला कुनी सांगितलं न्हाई."

"फोनवर सांगायची गोष्ट न्हवती ती."

"बराबर हाय. आसली गोष्ट तोंडानंच सांगावी." तिनं अप्पांचे दोन्ही हात हातात घेतले आणि कपाळाला लावले. "देव लय मोठा हाय, अप्पा. म्या म्हनत व्हते ना अक्काला, हुईल म्हनून. झालं बगा."

आतून तिला हाक आली. टाळ तिच्याकडं असायचे. डोळे पुसत, हसत ती आत गेली, आणि अप्पा होते तिथंच खाली बसले.

त्यांना काही उमजेना. आपल्यातही मरणाला सण म्हणतात हे त्यांनी लहानपणापासून ऐकलं होतं. जंगम स्वामी सांगायचे, रडू नका, जीव आपल्या घरी गेला. पण सांगणं वेगळं आणि कोणी खरोखर हसणं वेगळं. क्षणभर त्यांना राग आला. तेरा दिवस घरात आलेल्या एवढ्या माणसांपैकी एकही जण असा हसला नव्हता. मग त्यांच्या मनात आलं, असेल बाबा यांच्यात रीत. हसत का होईना, तिच्यासाठी कोणाचे डोळे भरले तरी. घरी आलेल्यांपैकी निम्मे जण चहा पिऊन सरकीचा भाव विचारून गेले होते.

काम झालं होतं. उठून जायला हरकत नव्हती. पण भजन सुरू झालं होतं आणि चालू भजनातून उठून जाऊ नये हेही अप्पांना लहानपणापासून शिकवलेलं होतं. शब्द त्यांच्या ओळखीचे नव्हते, चाल मात्र त्यांच्या सोमवारच्या भजनाची बहीण शोभली असती. टाळ तसेच, ढोलकी तशीच, आणि सगळ्यांच्या पुढं जाऊन वरच्या पट्टीत गाणारा एक बेसूर म्हाताराही तसाच. तो प्रत्येक भजनी मंडळात असतोच. अप्पांचं बोट आपोआप गुडघ्यावर ठेका धरू लागलं. चन्नबसम्मा इथं आली असती तर तिला आवडलं असतं, असं त्यांना वाटून गेलं.

भजन संपलं. पाळकांनी जाड पुस्तकातून थोडं वाचलं, त्यावर साधंसंच बोलले, आणि मग म्हणाले, "आता साक्षीची वेळ. या आठवड्यात ज्याला देवाचा चांगला अनुभव आला त्यानं उभं राहून सांगावं."

एक माणूस उभा राहिला आणि त्यानं हरवलेली म्हैस सापडल्याबद्दल आभार मानले. म्हैस शेजाऱ्याच्याच उसात होती असं मागून कोणीतरी पुटपुटलं आणि पुरुषांच्या बाजूला हसू पसरलं. अप्पांनाही हसू आलं. तेवढ्यात तानुबाई टाळ बाजूला ठेवून उठली.

"समद्यास्नी ठावं हाय," ती म्हणाली, "आपन दर ऐतवारी सेलूच्या चन्नबसम्मा अक्कासाठी मागायलोत. ती आपल्यातली न्हाई, पर लय देवाची बाई. दवाखान्यात बी रोज सकाळी डाव्या तळहातावर देव घिऊन बसायची. मी म्हनलं, अक्का, तुमचा देव तर तुमच्या हातावरच हाय, मी आजून काय मागू? तर म्हनली, माझ्या देवाला सांगून झालं तानुबाई. आता तुमच्याला बी सांगून बगा."

मंडळीत बायांनी माना हलवल्या. अप्पा ताठ बसले. हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

"मी म्हनलं, बरं हुन्यासाठी मागते. तर म्हनली, नको. बरं हुनं न हुनं त्याच्याकडं ऱ्हाऊ द्या. माझ्या घरातले बापलेक एकमेकाशी बोलत न्हाईत, त्यांच्यासाठी मागा. मी डोळ्यानं बगितलंय ना. बाप सकाळी यायचा, लेक रातच्याला. एकाच खाटंपाशी. लेक जिन्यानं उतरला का मग बाप वर. बाई मधी पडल्याली, दोघाकडं बगत." तानुबाईनं पदरानं नाक पुसलं. "पाळकसायबानी त्या मागन्याला शास्त्रातला शबुद दिला. ऐक्य. म्हनले, बापलेकाचं ऐक्य होवो असं मागू. तवापसून आपन तेच मागायलोत. आन् आज, अक्काचे मालक सोता आलेत. ते काय बसलेत दाराशी. त्यांनी त्यांच्या तोंडानं मला सांगितलं, ऐक्य झालं."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पुरुषांनी मागं वळून पाहिलं. तो बेसूर म्हातारा तर उठून अप्पांच्या पाठीवर हात ठेवून गेला.

अप्पांना काही ऐकू येत नव्हतं. त्यांच्या डोळ्यांपुढं दवाखान्याचा जिना आला. रोज सकाळी ते खालच्या टपरीवर चहा घेत उभे राहायचे, राजशेखर बाहेर पडेपर्यंत. तो दिसला की पाठ फिरवायची आणि तो गेला की वर जायचं. वर खाटेजवळच्या स्टुलावर त्याचा रात्रीचा डबा घासून पालथा घातलेला असायचा. डबा खाली ठेवून, ते स्टूल जरा पलीकडं सरकवून अप्पा त्याच्यावर बसायचे आणि विचारायचे, झोप लागली का. लागली, असं ती म्हणायची. मधे तोंड घालत नाही म्हणून आपल्या बाजूची वाटणारी ती बाई, घरात बोलता येत नाही म्हणून परक्या माणसांच्या ओंजळीत आपलं दुखणं टाकून मोकळी झाली होती. आणि ते दुखणं मूत्रपिंडाचं नव्हतंच.

"अप्पा," पाळक म्हणाले, "दोन शब्द बोला की."

अप्पा उभे राहिले. नुसते हात जोडले असते तरी चाललं असतं. माणसं खुश होती, आपण पुन्हा इकडं येणार नव्हतो, खरंखोटं कोण बघायला येतंय. पण ज्या देवाला एवढ्या माणसांनी इतके महिने विनवलं, त्याच्या घरात, तेही चन्नबसम्माच्या नावानं, खोटं ठेवून जाणं त्यांना जमलं नसतं. एकदा दिलेला माल परत घेत नाही म्हणून बाजारात ज्यांची ख्याती, ते अप्पा शब्द परत घ्यायला उभे राहिले.

"मी ते सांगायला न्हवतो आलो," ते म्हणाले. "आमच्यात माणूस गेलं की म्हणतात, लिंगैक्य झालं. मी तेच सांगितलं. माझी बायको गेली. दीड महिना झाला. तिचं नाव घेणं आता थांबवा, एवढंच सांगायला आलतो."

तानुबाई उभी होती ती भिंतीचा आधार घेत हळूहळू खाली बसली. एका बाईनं तिच्या पाठीवर हात ठेवला.

"माफ करा, अप्पा," पाळक म्हणाले. "आमची चूक झाली."

"चूक कोणाची बी न्हाई. शब्दच एक हाय."

"आन् ते दुसरं ऐक्य?" पाळकांनी इतक्या हळू विचारलं की मागं बसलेल्यांना ऐकू गेलं नसावं.

अप्पांनी मान हलवली. नाही.

पाळकांनी पुस्तक मिटलं. "अक्काचं नाव आमी थांबवतो. पर त्यांनी दिलेलं मागणं त्यांच्यासाठी न्हवतंच, अप्पा. ते चालू ठेवलं तर तुमची हरकत हाय का?"

सगळी मंडळी त्यांच्याकडं पाहत होती. थांबवा म्हणायलाच तर अप्पा एवढ्या लांब आले होते.

"हरकत न्हाई," ते म्हणाले, आणि खाली बसले.

उपासना संपल्यावर पाळकांनी मागच्या दगडावर नारळ फोडला आणि खोबऱ्याचे तुकडे वाटले. कोणीतरी चहा केला. माणसं एकेक करून अप्पांजवळ येत, हात जोडत आणि न बोलता पुढं जात. अप्पांना ते बरं वाटलं. घरी आलेली माणसं फार बोलली होती.

तानुबाई बाहेरच्या ओट्यावर बसली होती. अप्पा तिच्यापासून जरा अंतरावर टेकले. रस्त्यावरून कापसाची गच्च भरलेली गाडी गेली आणि कडेच्या बाभळींना पांढरे पुंजके लटकावून गेली.

"मी मेली हासले," तानुबाई म्हणाली. "तुमच्या तोंडावर हासले."

"तिला चाललं असतं."

"लई तरास झाला का अक्काला?"

"न्हाई. झोपेतच गेली."

तानुबाईनं मान डोलावली आणि पदराच्या टोकानं डोळे टिपले. "मला तर वाटलं झालंच आसंल आता. तुमी दारात दिसला तवाच वाटलं. लेक येऊन गेला, आता बाप बी आला, म्हंजी देवानं ऐकलं."

अप्पांच्या हातातला कप तसाच राहिला.

"कोणाचा लेक?"

"तुमचा. राजशेखर. रातच्याला दवाखान्यात मला बी चहा आणून द्यायचा ना तो, वळखते मी त्याला. मागल्या महिन्यात आलता. परभनीहून मोटरसायकलवर, समदा धुळीनं भरल्याला. मागंच बसला, पुरुषांच्या बाजूला. पर्थनेत अक्काचं नाव आलं, तसा उठून भाईर गेला. मी गेले मागून. तर त्या लिंबाखाली तोंड फिरवून हुबा. म्हनलं, काय झालं लेकरा. म्हनला, मावशी, एक सांगायचं हाय तुमाला. मी म्हनलं, सांग की."

"मग?"

"हुबा ऱ्हायला, हुबा ऱ्हायला. तोंड उघडायचा आन् मिटायचा. मग म्हनला, पुढल्या ऐतवारी येऊन सांगतो. गेला निघून. त्यानंतर काय आला न्हाई."

अप्पा लिंबाकडं पाहत राहिले. त्या पोराला काय सांगायचं होतं हे त्यांना विचारावं लागलं नाही. परभणीपासून इथवर त्यानंही तेच वाक्य घोळवत आणलं असणार. तेही असंच घशात अडकलं असणार. बरं, त्याला कोणी पाठवलं नव्हतं. आईचं नाव कुठं तरी एक खोलीभर माणसं घेताहेत आणि त्यांना सांगायला हवं, हे त्याचं त्यालाच वाटलं होतं, बापाला वाटायच्याही आधी. चार वर्षं ज्याला ते आडमुठा, उद्धट, बायकोच्या मुठीतला म्हणत आले, तो आपल्यासारखाच निघाला होता. इतका आपल्यासारखा, की त्याचा राग कसा धरून ठेवावा हेच त्यांना समजेना.

"त्याला काय सांगायचं व्हतं ते आता कळलं मला," तानुबाई म्हणाली. "येड्यावानी मी त्याला म्हनले, आईला घिऊन ये येकदा. तवापसून लेकरू ते वझं घिऊन फिरत आसंल. पर यील तो. आज ना उद्या यील."

"आला की त्याला म्हणावं," अप्पा म्हणाले आणि थांबले. त्यांनी पुन्हा सुरुवात केली. "त्याला म्हणावं, तुला आता काही सांगायची गरज न्हाई. तुझा बाप येऊन सांगून गेला."

"म्हनते की," तानुबाई म्हणाली.

आत बाया सतरंज्या झटकत होत्या. अप्पांनी उरलेला चहा संपवला, कप खाली ठेवला, आणि म्हणाले,

"नको, तानुबाई. तुमी नका सांगू त्याला. मीच सांगतो."